नॉट रिचेबल, पण ठरवून!

वीकएन्डला फोर-बाय-फोर घेऊन सह्याद्रीत घुसायचं, तर टायर आणि डिझेलइतकीच आणखी एक गोष्ट निघण्याआधी तपासावी लागते. घरी जागं राहणाऱ्या माणसाशी आपलं नेमकं काय ठरलंय?

शुक्रवारी संध्याकाळी लोअर परळच्या काचेच्या टॉवरमधून लॉगआउट केलं, की आपल्या पिढीचं एकच स्वप्न असतं. डिस्कनेक्ट व्हायचं! नो मेल, नो कॉल, नो बॉस. रेंजच नाही म्हटल्यावर बॉस तरी काय करणार? पूर्वी हे सुख फक्त सॅक पाठीला मारून कसारा लोकल पकडणाऱ्या ट्रेकर मंडळींच्या नशिबात होतं. आता त्यात चार चाकं फिरवणारी जमात सामील झालीय. २०२० मध्ये नवी थार आली, २०२३ मध्ये जिम्नी आली आणि पार्किंगच्या नावाने कायमची बोंब असलेल्या आमच्या गिरगाव-दादर-लालबागमध्येही चिखलाने माखलेल्या गाड्या दिसायला लागल्या. सोमवारी सकाळी मुद्दाम न धुता ऑफिसला नेतात ना, त्याच! जुन्या जिप्सीवर जीव टाकणारे तर आहेतच. आणि जीप म्हणाल तर ती आपल्या मुंबईच्या घरचीच. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस विलीज जीपची जोडणी सुरू झाली ती आपल्या माझगावात.

तर मुद्दा असा, की रेंज जाण्यात सॉलिड मजा आहे. पण ती गाडीत बसलेल्याला. घरी बसलेल्या माणसाला त्याच वेळी फोनवर एक बाई शांतपणे सांगत असते, 'आपण ज्या ग्राहकाशी संपर्क साधू इच्छिता, तो सध्या...' पुढचं तुम्हाला पाठ आहे.

गेली तीन वर्षं मी एका ग्रुपबरोबर जाते. गाडी माझी नाही. फ्रीलान्स पत्रकाराला थार परवडत नाही, त्यामुळे मी कायमची को-ड्रायव्हर. नकाशा बघणं, वॉकी-टॉकीवर बोलणं आणि चकल्यांचा डबा फिरवणं ही माझी खाती. पण त्या सीटवर बसूनच या खेळातली एक गोष्ट कळली. गाडी अडकली तर चार माणसं ढकलून काढतात. संपर्क अडकला की काय करायचं, हे मात्र डोंगरात पोचल्यावर ठरवता येत नाही. ते मुंबईतच ठरवून निघावं लागतं.

रेंज का जाते, बॉस?

साधं गणित आहे. मोबाइलचे टॉवर असतात जिथे माणसं आणि हायवे असतात तिथे. सह्याद्रीत तुम्ही हायवे सोडून दहा-पंधरा किलोमीटर आत शिरलात, की मध्ये काळ्या बेसाल्टची एक अख्खी भिंत उभी राहते. रेडिओलहरींना समोरासमोरची नजरभेट आवडते. डोंगराच्या आरपार जाणं त्यांना जमत नाही. म्हणून पठारावर टॉवर फुल दिसतो आणि तिथून दोनशे मीटर खाली ओढ्यात उतरलात की 'नो सर्व्हिस'.

वर आणखी गंमत म्हणजे, रेंज नसताना फोन गप्प बसत नाही. तो बिचारा सारखा टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी खातो. दुपारपर्यंत फोन मान टाकतो. म्हणून आमच्या ग्रुपमध्ये आत शिरताना अर्ध्या लोकांनी फोन फ्लाइट मोडवर टाकायचे, असा नियमच आहे. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, ते थेट उपग्रहांकडून येतं. नकाशा घरच्या वायफायवर आधीच डाउनलोड करून ठेवला, की आपण कुठे आहोत हे तुम्हाला कळतं. फक्त जगाला कळत नाही!

दुसरा एक फंडा सगळ्यांना माहीत असावा. कॉल लागत नाही, व्हॉट्सअ‍ॅपचं चक्र गोल-गोल फिरतंय, अशा ठिकाणीही साधा एसएमएस कधी कधी निघून जातो. त्याला जागा फार कमी लागते आणि सिग्नल एक क्षण जरी आला तरी पुरतो. आणि ११२. महाराष्ट्रात हा आणीबाणीचा नंबर २०२१ पासून चालू आहे. तुमच्या कंपनीची रेंज नसली, पण तिथे दुसऱ्या एखाद्या कंपनीची असली, तरी तो लागू शकतो. म्हणून 'माझ्याकडे रेंज नाही' म्हणून प्रयत्नच न करणं बरोबर नाही.

आईचा २६ जुलै

माझ्या या शौकाला घरातून विरोध असा कधी झाला नाही. पण पहिल्या दोन ट्रिप्सना आई रात्रभर जागी होती. 'अगं, तू मजा कर. मी आपली बसते,' हे तिचं वाक्य. आता यावर माणसाने काय मजा करावी!

तिच्या त्या 'आपली बसते' मागे एक तारीख आहे. २६ जुलै २००५. मी तेव्हा दुसरीत होते. बाबांचं ऑफिस साकीनाक्याला. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे आज सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच दिवशी कुलाब्यात शंभर मिलिमीटरही पडला नव्हता. गिरगावात बसलेल्या आईला बाहेर दिसत होता तो नेहमीचा पाऊस. लोकल बंद, बाबांचा मोबाइल बंद, ऑफिसचा फोन उचलत नाही. आणि खिडकीबाहेर तर काहीच विशेष घडलेलं नाही! त्यामुळे तिला काहीच जुळवता येईना. टीव्हीवर चित्रं यायला लागली तेव्हा तर फारच झालं. बाबा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चालत-चालत घरी आले. पायांना फोड, बाकी धडधाकट. रात्र त्यांनी ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर मित्रांबरोबर वडापाव खाऊन, पत्ते खेळून काढली होती.

म्हणजे बघा, बाबांना त्या रात्री फारसा त्रास झालाच नाही. झाला तो आईला. तेव्हापासून तिच्यासाठी 'फोन लागत नाही' या तीन शब्दांना एकच अर्थ आहे. अशा बाईला मी 'अगं आई, तिकडे रेंज नसते, टेन्शन नको घेऊस' म्हणणं म्हणजे शुद्ध टाइमपास.

फ्रिजवरचा कागद

यावर उपाय निघाला तो आमच्या ग्रुपलीडरकडून. दादरला राहतो, वयाने आमच्याहून दहा वर्षांनी मोठा, म्हणून सगळ्यांचा 'दादा'. त्याचा नियम साधा आहे. ट्रिपला येणाऱ्या प्रत्येकाने घरी एक कागद ठेवायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, कागदावर. आमच्या घरी तो फ्रिजवर गणपतीच्या मॅग्नेटखाली असतो. त्यावर एवढंच:

कुठून कुठे जाणार, कुठल्या गावात मुक्काम.
गाड्या किती, नंबर काय, माणसं किती.
शनिवारी रात्री ९ ला मेसेज करायचा प्रयत्न करू. नाही आला तर काळजी नाही.
रविवारी दुपारी २ पर्यंत घोटीला हायवेवर येऊ. तिथून मेसेज नक्की.
रविवारी संध्याकाळी ६ पर्यंत काहीच नाही आलं, तर 'बेस'ला फोन करायचा. त्याआधी नाही.
पुढचं बेस बघेल.

'बेस' म्हणजे ट्रिपला न आलेला आमच्यातलाच एक. दर वेळी पाळी बदलते. त्याच्याकडे आमचा नकाशा असतो, सगळ्यांच्या घरचे नंबर असतात आणि महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरच्या हेल्पलाइनचा नंबर असतो. राज्यभरातल्या गिर्यारोहकांच्या रेस्क्यू टीम्सना जोडणारी ही यंत्रणा आहे. लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'सारख्या टीम्स मध्यरात्री, भर पावसात दरीत उतरतात. तेही स्वयंसेवक म्हणून. पण त्यांनासुद्धा 'ते कुठेतरी सह्याद्रीत गेलेत' एवढ्या माहितीवर शोधायला पाठवणं हा अन्याय आहे. सह्याद्री केवढा मोठा आहे!

या कागदातली मला सगळ्यात आवडणारी ओळ तिसरी. 'नाही आला तर काळजी नाही.' आपण सगळे 'पोचलो की कळवतो' एवढंच सांगून निघतो. नाही कळवलं तर त्याचा अर्थ काय, हे कुणीच सांगत नाही. मग तो अर्थ घरचे रात्री दोन वाजता स्वतःच शोधतात.

लॅमिंग्टन रोडचं शॉपिंग

आता वळू या गॅजेट्सकडे. कारण तुम्ही त्याचीच वाट बघताय, मला माहितेय!

गाड्या एकमेकींशी बोलतात वॉकी-टॉकीवर. आणि वॉकी-टॉकी म्हटलं की मुंबईकराची पावलं वळतात ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडकडे. डॉ. भडकमकर मार्ग असं त्याचं खरं नाव, पण ते फक्त पाटीवर. आमच्या गिरगावातून चालत दहा मिनिटं. तिथल्या एका दुकानात मला एक मस्त जाडजूड सेट दाखवला गेला. 'पाच वॅट मॅडम, दहा किलोमीटर जाएगा. लायसन-बियसन कुछ नहीं.' किंमतही झकास. पण दादा सोबत होता. तो नुसता हसला आणि मला बाहेर कटिंग प्यायला घेऊन गेला.

कहाणी अशी आहे. आपल्याकडे २०१८ पासून ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या छोट्याशा पट्ट्यातले कमी ताकदीचे वॉकी-टॉकी विनापरवाना वापरता येतात. ताकद साधारण अर्धा वॅट. सेटला सरकारची मान्यता असलेली हवी, म्हणजे बिलावर आणि खोक्यावर ते बघून घ्यायचं. त्याहून दणकट सेट, जे पोलिसांच्या किंवा इतरांच्या फ्रीक्वेन्सीवरही जाऊ शकतात, त्यांना परवाना लागतो. ऑनलाइन तर हा माल धडाधड विकला जात होता. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्यावरून बड्या-बड्या ऑनलाइन दुकानांना नोटिसा धाडल्या आणि विक्रीचे नियम कडक झाले. तेव्हा खोक्यावर '१० किमी रेंज' वाचून भुलू नका. अर्ध्या वॅटचा सेट मोकळ्या पठारावर दोन-तीन किलोमीटर छान बोलतो. घळीत वळणापलीकडे गेलात की काहीशे मीटरवर खर्रर्र.

सीरियस व्हायचं असेल तर हॅम रेडिओ आहे. दूरसंचार खात्याची परीक्षा द्यायची, पास झालात की परवाना आणि स्वतःचं कॉल साइन मिळतं. वयाची बारा वर्षं पूर्ण केलेल्या कुणालाही ही परीक्षा देता येते. २००४ च्या त्सुनामीत अंदमानचा बाकी जगाशी संपर्क तुटला, तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्ये योगायोगाने हजर असलेल्या हॅम मंडळींनीच निरोप पोचवले होते. आमच्या ग्रुपमध्ये दोघं जण परवानेवाले आहेत. पण त्यांचा सेट मी उचलून बोलायचं म्हटलं तर चालत नाही. परवाना माणसाचा असतो.

आणि सॅटेलाइट फोन? अमेरिकेतून येणारा मावसभाऊ 'अरे, एक गार्मिन घेऊन येतो ना' म्हणतो तो? त्याला हात जोडून नको म्हणा. आपल्याकडे सरकारी परवानगीशिवाय सॅटेलाइटवर बोलणारं उपकरण बाळगणं हा गुन्हा आहे. २६/११ चे अतिरेकी सॅटेलाइट फोन घेऊन आले होते, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. २०२४ च्या डिसेंबरमध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन धावपटूला असं डोंगरात वापरायचं उपकरण बॅगेत सापडलं म्हणून ताब्यात घेतलं होतं. तिकडे ज्याला सेफ्टी म्हणतात, त्यानेच इकडे लफडं होतं. परवानगी काढून बीएसएनएलकडून फोन घेता येतो, पण वीकएन्डवाल्यांचं ते काम नव्हे.

थोडक्यात काय, की परदेशी यूट्यूबवर दिसणारी निम्मी गॅजेट्स आपल्याला लागू नाहीत. मग उरतं काय? डोकं आणि शिस्त.

शिट्टी एकाचीच

ही शिस्त गिरणगावातल्या माणसाला शिकवावी लागत नाही. दहीहंडीचं पथक बघा. लालबाग-परळचे गोविंदा थर लावतात तेव्हा गल्लीत डीजे असतो, हजार माणसं ओरडत असतात. पण खांद्यावर उभं राहिलेलं पोरगं ऐकतं ते एकाच माणसाचं. ज्याच्याकडे शिट्टी, त्याचा शब्द. आमच्या थारवाल्यांचंही तेच! ओढ्यातून गाडी काढताना बाहेर उभा राहून हात दाखवणारा, म्हणजे स्पॉटर, एकच. बाकीच्यांनी तोंड मिटायचं. 'डावीकडे घे', 'अरे नाही, उजवीकडे' असं चौघं एकदम ओरडले, की गाडी दगडावर बसलीच म्हणून समजा. दोर लावून ओढताना तर बाकीच्यांनी दोराच्या लांबीपेक्षा जास्त लांब जाऊन उभं राहायचं. ताणलेला दोर तुटला तर तो चाबकासारखा येतो. आणि कुणीही मूठ वर केली, तर सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. 'थांब' म्हणायचा हक्क मात्र सगळ्यांना.

चालत्या ताफ्याचा नियमही तितकाच साधा. पुढच्या गाडीने मागचीकडे लक्ष ठेवायचं. आरशात मागची दिसेनाशी झाली की थांबायचं. वळणावर, फाट्यावर तर मागची दिसेपर्यंत हलायचंच नाही. वॉकी-टॉकी बंद पडला तरी हा नियम चालू राहतो, हे त्याचं सौंदर्य आहे. सगळ्यात शेवटी अनुभवी ड्रायव्हर. त्याला आम्ही 'शेपूट' म्हणतो आणि फर्स्ट एड त्याच्याकडेच असतं.

बोलायचं कमी. वॉकी-टॉकीवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. तुम्ही सूर्यास्ताचं वर्णन करत बसलात, तर मागच्याचा 'थांबा' कुणालाच ऐकू जाणार नाही.

ती शनिवारची दुपार

गेल्या भातकापणीच्या दिवसांत आम्ही चार गाड्या घेऊन भंडारदऱ्याच्या मागच्या अंगाला गेलो होतो. दादरपासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. कसारा घाट चढायचा, घोटीला वळायचं, उजवीकडे कळसूबाई बघत शेंडी गाठायची आणि मग आत. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. त्यामुळे गाववाल्यांची जुनी गाडीवाट सोडून चाक बाहेर टाकायचं नाही, भातखाचरात तर मुळीच नाही, हे आधीच ठरलेलं.

साडेचारच्या सुमारास आमची पहिली गाडी एक खिंड ओलांडून पलीकडे उतरली. दुसरी खिंडीत. तिसरी अजून अलीकडच्या उतारावर. तिथे वाटेची कड खचली आणि तिसरी गाडी कुशीवर ओढ्यात घसरली. फार नाही, जेमतेम पाच-सहा फूट. पण आतल्या मैत्रिणीचा हात दार आणि सीटच्या मध्ये सापडला. मनगट बघता-बघता सुजलं.

मी पहिल्या गाडीत, दादाबरोबर. आम्हाला यातलं काहीही ऐकू आलं नाही. मध्ये अख्खा डोंगर! आमच्या सेटवर फक्त खर्रर्र. पण खिंडीतल्या दुसऱ्या गाडीला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या. तिने तिथेच हँडब्रेक ओढला आणि निरोप्याचं काम सुरू केलं. तिकडचं वाक्य ऐकायचं, जसंच्या तसं इकडे सांगायचं. स्वतःचं काही घालायचं नाही. मला गिरगावच्या चाळीतला पी.पी. नंबर आठवला. अख्ख्या मजल्यात एकाकडे फोन. तिथून कुणीतरी गॅलरीत येऊन हाक मारायचं आणि निरोप चार दारं पार करून पोचायचा. आजीच्या तोंडून ऐकलेलं ते सगळं त्या खिंडीत मला लाइव्ह ऐकायला मिळालं.

'एकीचा हात दुखावलाय. शुद्धीत आहे. रक्त नाही. गाडी सोडा, आधी तिला हलवा.' वीस मिनिटांत हाताला पुठ्ठ्याची फळी बांधून तिला चौथ्या गाडीत बसवलं. शेपूटवाल्याने गाडी मागे वळवली. राजूरला दवाखाना आहे, तिथे न्यायचं ठरलं. आता प्रश्न राहिला बेसला कळवण्याचा.

आमच्या फोनवर काहीच नाही. जवळच्या वाडीत एक मामा बैलांना पाणी दाखवत होते. त्यांना विचारलं, 'मामा, इथे फोन कुठे लागतो?'

त्यांनी आमच्या हातातल्या महागड्या फोनकडे नजरसुद्धा टाकली नाही. 'हितं न्हाई लागायचा, ताई. त्या देवळामागच्या टेपाडावर जा. वर येक सपाट दगड हाये. त्याच्यावर उभं ऱ्हायचं, त्वांड धरणाकडं करायचं. आमी बी तिथनंच लावतो.'

मंडळी, हा दगड बहुतेक प्रत्येक वाडीत असतो. कुठे दगड, कुठे आंब्याचं झाड, कुठे शाळेच्या ओट्याचा कोपरा. कुठल्याही नकाशात तो नसतो आणि गावातल्या शेंबड्या पोरालाही तो माहीत असतो. तेव्हापासून आम्ही नव्या गावात शिरताना चहाच्या आधी हा प्रश्न विचारतो. रेंज येण्याची जागा आधी बघून ठेवायची. गरज पडल्यावर शोधायची नाही.

मी दगडावर उभी राहिले, तोंड धरणाकडे केलं. एक दांडी आली. बेसला एसएमएस केला. कोण, काय झालं, कुठे नेतोय, काय हवंय, पुढचा मेसेज कधी. पाच गोष्टी, दोन ओळींत. 'तिसरी गाडी घसरली. एकीचं मनगट बहुतेक फ्रॅक्चर, बाकी सगळे ठीक. राजूरला नेतोय. तिच्या घरी तू सांग. पुढचा मेसेज ८ ला.' पाठवला. गेला.

मुंबईत काय झालं

खरी गोष्ट इथून पुढे आहे.

त्या दिवशी बेसवर असलेला आमचा मित्र परळचा. त्याने तो मेसेज ग्रुपवर फॉरवर्ड केला नाही. स्टेटस टाकलं नाही. त्याने चप्पल घातली आणि तो चालत लालबागला त्या मैत्रिणीच्या घरी गेला. तिच्या आईवडिलांसमोर बसला, त्यांना मेसेज वाचून दाखवला आणि म्हणाला, 'काकू, आठ वाजता पुढचा मेसेज येईल. तोवर मी इथेच बसतो.' काकूंनी त्याला पोहे करून दिले. आठला पाच कमी असताना राजूरहून फोन आला. फ्रॅक्चरच होतं, प्लास्टर झालं होतं. बोलणं खुद्द लेकीशीच झालं.

आणि बाकीच्या घरी? काहीच नाही. कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. आम्ही तिघी-चौघी आणि तीन गाड्या त्या वाडीतच मुक्कामाला राहिलो. रात्री परत दगडावर जाण्याइतका कुणात जीव नव्हता, आणि अंधारात टेपाड चढायचं नाही असं दादाने सांगितलं. माझा नऊचा मेसेज गेला नाही.

आईने साडेनऊपर्यंत वाट बघितली. मग उठली, फ्रिजसमोर गेली, तिसरी ओळ वाचली. मग दिवा मालवला आणि झोपली. हे मला बाबांनी नंतर सांगितलं, जरा आश्चर्यानेच. २००५ नंतर पहिल्यांदाच घरातलं कुणीतरी बाहेर असताना, फोन लागत नसताना, ती झोपली होती.

रविवारी दोनच्या आधीच घोटीहून मी फोन केला. ती म्हणाली, 'अगं, दोन वाजायचेत अजून.' बस्स. एवढंच!

तोफांचा अर्थ

सह्याद्रीतला सगळ्यात प्रसिद्ध निरोप कुठला, माहितेय? १३ जुलै १६६० ला विशाळगडावरून झाल्या त्या तोफा. शाळेपासून ऐकत आलोय आपण. महाराज गडावर पोचले की तोफा होतील, तोवर बाजीप्रभूंनी खिंड अडवून धरायची. या गोष्टीत शौर्य आहेच. पण मला आता त्यात आणखी एक गोष्ट दिसते. तोफ काही बोलत नाही. ती फक्त आवाज करते. त्या आवाजाचा अर्थ दोघांनी निघण्याआधी, समोरासमोर ठरवला होता. आणि तोवरच्या शांततेचाही.

आमच्या परळच्या गिरण्यांच्या भोंग्याचंही तेच होतं. १९८२ च्या संपानंतर हळूहळू ते सगळे मुके झाले. पण कुठल्या भोंग्याला कुणी उठायचं, कुणी डबा भरायचा, हे अख्ख्या गिरणगावाला ठाऊक होतं, असं जुनी माणसं सांगतात. एक सूर, शब्द एकही नाही, तरी हजारो घरांना कळायचं.

आपल्याकडे आता शब्दच शब्द आहेत. दिवसाला शंभर मेसेज, लाइव्ह लोकेशन, ब्ल्यू टिक. त्यामुळे आपला असा समज झालाय, की संपर्क म्हणजे सतत चालू असलेला फोन. मग फोन बंद पडला, की दोन्ही बाजूंना काहीच उरत नाही. तुम्ही डोंगरात ऐश करत असता आणि कुणीतरी साकीनाक्याच्या पाण्याचा विचार करत बसलेलं असतं.

तर दोस्तहो, या शनिवारी निघताना टायरमधली हवा बघा, दोर बघा, मान्यतेचे वॉकी-टॉकी चार्ज करा, नकाशा डाउनलोड करा. हे सगळं कराच. आणि शुक्रवारी रात्री जेवताना पाच मिनिटं टीव्ही बंद करून, तुमच्यासाठी जागं राहणारं जे कुणी असेल, आई, बायको, नवरा, रूममेट, त्यांच्यासमोर कागद-पेन घेऊन बसा. अमुक वाजेपर्यंत माझं काही नाही आलं, तर तू आरामात झोपायचंस, हे ठरवा. अमुकनंतर कुणाला उठवायचंस, हेही लिहून द्या.

मग खुशाल नॉट रिचेबल व्हा!